मदत हवी आहे : पक्षी छायाचित्रणासाठी कार्बन फायबर ट्रायपॉड, हेड आणि प्लेट यांची निवड

नमस्कार.

मी सोलापूरचा रहिवासी असून गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी तुळजापूर रस्त्यावरील हिप्परगा तलाव आणि बार्शी रस्त्यावरील नान्नजचा माळ येथे पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. माझ्याकडे निकॉन डी ५०० कॅमेरा आणि निकॉनचीच २००-५०० मिलिमीटर एफ ५.६ लेन्स आहे. कॅमेऱ्याचे वजन बॅटरीसह ८६० ग्रॅम आणि लेन्सचे कॉलरसह (लेन्सभोवतीचे, ट्रायपॉडला जोडायचे कडे) २.३ किलो, म्हणजे ट्रायपॉडवर सव्वातीन किलोच्या आसपास भार येतो. सध्याचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आता बदलायचाच, असे ठरवले आहे.

बदलण्याचे कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण नेमके काय चुकते आहे हे कळल्याशिवाय सल्ला देणे आपल्यालाही अवघड जाईल. गेल्या जानेवारीत पहाटे हिप्परग्याच्या काठावर पट्टकादंबांचा थवा पाण्यात उतरला होता. मी चौकट नीट बसवून बॉल हेडचा (कॅमेरा गोळ्यावर हवा तसा वळवून घट्ट करायचा ट्रायपॉडवरचा भाग) स्क्रू आवळला, हात काढला, आणि लेन्सचे तोंड हळूहळू खाली झुकून पक्ष्यांची डोकी चौकटीबाहेर गेली. पुन्हा वर घेतले, तर या वेळी लेन्सच प्लेटवर (लेन्स हेडवर बसवायची धातूची पट्टी) डावीकडे फिरली, कारण प्लेट एकाच स्क्रूवर धरलेली आणि तिच्यावरचे रबर गुळगुळीत झालेले. त्याच घाईत एका पायाची लांबी पकडून ठेवणाऱ्या चिमट्याचा प्लास्टिकचा कान तुटला आणि तो पाय आत सरकला. कॅमेरा मी पोटाशी धरला म्हणून वाचला. विकत घेताना विक्रेत्याने हा ट्रायपॉड आठ किलो भार पेलतो असे सांगितले होते. भार पेलणे आणि ५०० मिलिमीटरची लेन्स स्थिर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. त्यामुळे उत्पादकांच्या भारक्षमतेच्या आकड्यावर आता माझा भरवसा नाही; तो आकडा मोजण्याची सर्वांना बंधनकारक अशी एकच पद्धतही नाही.

वाचून आणि हाताळून माझे आतापर्यंतचे मत असे झाले आहे की, सर्वांत जाड नळी ३२ मिलिमीटरची असावी आणि सेंटर कॉलम (मधला वर-खाली सरकणारा दांडा) नसावा, कारण कॉलम वर काढला की तीन पायांवरचा ट्रायपॉड एका काठीवर उभा राहतो. उंचीचा हिशेबही केला. माझी उंची १७० सेंटीमीटर, डोळे साधारण १५८ वर. गिंबल हेड (जड लेन्स तोलून धरून सहज फिरवू देणारे हेड) आणि कॅमेरा मिळून व्ह्यूफाइंडर पायांच्या माथ्यापासून सुमारे २५ सेंटीमीटर वर जातो. म्हणजे पायांची उंची १३० ते १३५ सेंटीमीटर असली तरी मला वाकावे लागणार नाही. उताराच्या काठावर एक पाय लांब काढावा लागतो, तेवढी थोडी जादा उंची असावी.

अडले आहे ते पुढच्या गोष्टींवर.

पाय तीन टप्प्यांचे, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्यांचे, घ्यावेत की चार? चार टप्प्यांत खालची नळी सुमारे २२ मिलिमीटरपर्यंत बारीक होते आणि लॉकही तीन वाढतात, पण मी दुचाकीवर जातो आणि मिटल्यावर सात-आठ सेंटीमीटर कमी लांबीचा ट्रायपॉड पाठीवर बराच सुसह्य होतो. दुसरे म्हणजे हेड. पक्ष्यांसाठी गिंबल हवे हे पटते, परंतु संध्याकाळी सिद्धेश्वर तलावातील मंदिराचे प्रतिबिंब मी १८-५५ लेन्सने टिपतो, आणि तिला कॉलर नसल्याने उभी चौकट गिंबलवर घेता येत नाही. जुने बॉल हेड त्यासाठी ठेवावे का? त्याची प्लेट त्याच कंपनीच्या खाचेत बसणारी आहे, आर्का पद्धतीची (अनेक कंपन्यांच्या हेडना चालणारी, तिरक्या कडांची) नाही. तिच्यावर वेगळा आर्का क्लॅम्प (प्लेट पकडणारा जबडा) स्क्रूने बसवून चालेल का?

तिसरी शंका आपल्या हवेची आहे. एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि कधी भावाच्या गाडीतून गेलो तर सामान दिवसभर बंद डिकीत राहते. कार्बनच्या नळ्या धातूच्या सांध्यात चिकटवलेल्या असतात, तो चिकटपणा या उष्णतेत टिकतो का? काळ्या मातीची धूळ पायांच्या ट्विस्ट लॉकमध्ये (फिरवून आवळायचे लॉक) गेल्यावर काय करावे, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

पाय, हेड आणि प्लेट मिळून ४५ हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. आपला आभारी राहीन.

प्रतिसाद

नमस्कार. आपला हिशेब बरोबर दिशेने चालला आहे. दुचाकीचा विचार करता चार टप्पे घ्यावेत, मात्र उघडताना जाड नळ्या आधी काढाव्यात आणि सर्वांत बारीक टप्पा शक्यतो आतच ठेवावा. काही कंपन्यांच्या नावातच माप असते, उदाहरणार्थ लिओफोटोच्या एलएस-३२४सीमध्ये ३२ मिलिमीटरची नळी आणि ४ टप्पे. घेण्याआधी पाय पूर्ण उघडून माथा दोन्ही हातांनी पिळून पाहावा. किती लवकर शांत होतो हे आकड्यांपेक्षा अधिक सांगते. नळीच्या आतली बाजूही अवश्य पाहावी, कारण ॲल्युमिनियमवर कार्बनच्या नक्षीचे आवरण चढवलेले ट्रायपॉडही विकले जातात.

जुन्या हेडवर क्लॅम्प चढवू नये. प्रत्येक वाढीव सांधा म्हणजे हलण्याची एक नवी जागा. गिंबल आणि एक मध्यम बॉल हेड, दोन्ही आर्का पद्धतीची घ्यावीत. दोन्ही ट्रायपॉडच्या ३/८ इंची स्क्रूवर बसतात आणि अदलाबदलीला मिनिटभर पुरते. आर्काची रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर असली तरी निरनिराळ्या कंपन्यांच्या प्लेटमध्ये किंचित फरक असतो. खटक्याच्या क्लॅम्पमध्ये तेवढ्यानेही प्लेट सैल पडते किंवा अडकते, म्हणून फिरवून आवळायचा क्लॅम्प घ्यावा.

लेन्स फिरण्याचा त्रास मुळातून घालवायचा असेल तर प्लेट लावण्याऐवजी कॉलरचा फूटच (कॉलरखालचा, हेडवर बसणारा भाग) बदलावा. या लेन्ससाठी ज्याच्या कडाच आर्का मापात कापलेल्या आहेत असे फूट मिळतात, आणि मग मध्ये फिरायला काही उरतच नाही. गिंबलवर लेन्स मागेपुढे सरकवून तोल साधा; हात सोडल्यावर ती कोणत्याही कोनात जागच्या जागी थांबली म्हणजे तोल जमला. वाऱ्यात पिशवी मध्यभागी टांगायची असल्यास ती जमिनीला टेकू द्यावी, अधांतरी राहिली तर झोके घेऊन कंप वाढवते.

उष्णतेने नळीला काही होत नाही, काळजी सांध्याची. तापलेली डिकी टाळावी, आणि उन्हाळा संपल्यावर प्रत्येक नळी हाताने पिळून सांध्यात फिरते का ते पाहावे. ट्विस्ट लॉक हाताने उघडतात. आतील पट्ट्या काढून कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आट्यांवर ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. कार्बनला पोचा पडत नाही, पण दगडावर आपटल्यास तडकतो. तो विजेचा वाहकही आहे, तेव्हा वळवाचे ढग आले की माळावरून आधी ट्रायपॉड मिटावा.

मूळ प्रश्नकर्ता

आपण इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. फूट बदलण्याचा पर्याय मला ठाऊकच नव्हता. आता चार टप्प्यांचे ३२ मिलिमीटरचे पाय, गिंबल आणि बदली फूट आधी घेतो, बॉल हेड पुढच्या महिन्यात. गिंबलखाली लेव्हलिंग बेस (पाय न हलवता हेड समपातळीत आणणारा तळ) लागेल का, एवढेच विचारायचे राहिले. हिप्परग्याचा काठ उताराचा आहे आणि पाय समपातळीत आणेपर्यंत थवा उठून जातो.

प्रतिसाद

काठ उताराचा असेल तर लागेल, कारण तळ तिरका राहिला की गिंबल फिरवताना क्षितिजही तिरके होत जाते. त्याने वजन आणि पाच-सात सेंटीमीटर उंची वाढते, ती आपल्या १३५ मधून वजा करून पाय निवडावेत.