या आठवड्यात पाटी कोणाकडे?

ब विंग रहिवासी ग्रुप, जळगाव
रविवार

योगेशभाऊ (सेक्रेटरी), सकाळी ९:०५
सर्वांना नमस्कार. झाडणाऱ्या मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी पाचोऱ्याला गेल्या आहेत. दीड महिना तरी येणार नाहीत. बदली बाई मिळत नाहीये. कोणाच्या ओळखीत असेल तर कळवा.

वैशाली ३०२
भाऊ, आज आठवा दिवस. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोणाची तरी दुधाची पिशवी फुटली होती, तिथे आता मुंग्यांची रांग आहे. मुलं अनवाणी खाली पळतात आणि काळे पाय घेऊन घरात येतात.

किरण २०१
एजन्सी लावून टाका. सगळे थोडे थोडे जास्त देऊ.

योगेशभाऊ
विचारलं. ते वर्षाचा करार मागतात. मग मावशी परत आल्यावर त्यांना काय सांगायचं?

कुंदाकाकू ४०१, ९:४०
सगळ्यांना राम राम. मी परवा आले. जवळजवळ तीन महिने लेकीकडे होते, जर्मनीत स्टुटगार्टला. सामान अजून उघडलेलं नाही, पण जिन्याचा विषय वाचून राहवलं नाही.

तिथे लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही, जिना लाकडी. पहिल्याच शनिवारी बघते तर आमच्या दाराच्या कडीला दोरीने एक पाटी लटकवलेली. पाटीच्या लांबी-रुंदीची म्हणाल तर आपल्या वहीच्या पुठ्ठ्याएवढी. त्यावर एकच शब्द, केअरवोखं. म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्याच्या दाराला पाटी, त्या आठवड्यात जिना त्याने झाडायचा आणि पुसायचा. काम झालं की पाटी शेजारच्या दाराला. कोणी कोणाला फोन करत नाही, आठवण करून देत नाही. भाड्याच्या करारातच लिहिलेलं असतं. त्यातही दोन प्रकार. आपल्या मजल्याचा जिना ती लहान पाळी. अंगण, फुटपाथ, हिवाळ्यात बर्फ काढणं ती मोठी पाळी.

वैशाली ३०२
म्हणजे झाडायला माणूसच नाही?

कुंदाकाकू ४०१
आता पुष्कळ इमारतींनी माणसं लावली आहेत, ते खरं. पण त्या भागात, श्वाबेन म्हणतात त्याला, अजून कितीतरी घरांत पाटी फिरते. जावई सांगत होते, स्टुटगार्टच्या १४९२ च्या नगर-नियमातच आहे की प्रत्येकाने आपापला उकिरडा दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावा. म्हणजे पाचशे वर्षांची सवय आहे ती.

लेक आणि जावई दोघंही कामावर. मी म्हटलं, मी झाडते. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी आधी मला करून दाखवलं. हातात छोटा ब्रश आणि पत्र्याची सुपली. वरच्या पायरीपासून सुरुवात. पायरीच्या कोपऱ्यात ब्रश उभा धरायचा, धूळ आत न ढकलता स्वतःकडे ओढायची. प्रत्येक दारासमोरचं पायपुसणं उचलायचं, त्याखालचं झाडायचं, पुन्हा तसंच सरळ ठेवायचं. मग ओला फडका. शेवटी कठडा. माझं झाल्यावर त्या वर आल्या, कठड्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि म्हणाल्या, "झाउबर." म्हणजे स्वच्छ. पाटी त्यांनी स्वतः माझ्या हातातून घेतली आणि शेजारच्या दाराला लावली. शाळेत ३१ वर्षं मी मुलांच्या वह्यांवर शेरे मारले. पण त्या एका शब्दाने मला जो आनंद झाला तो वेगळाच.

किरण २०१
काकू, तिथे धूळ नाही हो. इथे आता झाडलं की अर्ध्या तासात परत थर. हवा कशी सुटलीये बघा. शिवाय पाणी दिवसाआड. तुलना कशी करणार?

कुंदाकाकू ४०१
किरण, धुळीचं तुझं बरोबर. पाण्याचंही बरोबर. तिथे नळ कधीही उघडा, पाणी आहे, आणि तेच पिण्याचं. पण त्यांची अडचण वेगळी. बर्फ पडला की लोक कामाला निघायच्या आत दारासमोरचा फुटपाथ मोकळा करावा लागतो. कोणी घसरून हातपाय मोडले तर ज्याच्याकडे जबाबदारी त्याला भरून द्यावं लागू शकतं. थंडीत पहाटे उठून फावडं घेणं सोपं नाही. करतात ते.

नाना १०१
कुंदाताई, आपला गावमा बी असंच व्हतं. सकाळे उठीसन बठ्ठा आंगण झाडेत. माझी आई स्वतःचं अंगण झाडून झालं की शेजारच्या म्हातारीचंही झाडायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

कुंदाकाकू ४०१
नाना, हेच माझ्या मनात तीन महिने घोळत होतं. आपल्याला झाडायची लाज कधीच नव्हती. गावाकडे सडा-सारवण झाल्याशिवाय चूल पेटत नव्हती. मग फ्लॅटमध्ये आलो आणि आपलं अंगण उंबरठ्यापाशी संपलं. घरात फरशी आरशासारखी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की ते "सोसायटीचं". तिथे मी पाहिलं ते उलट. घरात कदाचित पसारा असेल, पण जिना आपला. म्हणून म्हणते, मावशी येईपर्यंत आपणही तशीच पाटी फिरवू या.

प्रज्ञा ४०२
काकू, अजून सांगा ना तिथलं. आमचा मुलगा पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय.

कुंदाकाकू ४०१, १०:२०
अगं, खूप आहे. त्याला सांग, रविवारी दुकानं बंद असतात. किराणा, कपडे, मॉल, सगळं. सकाळी थोडा वेळ पावाची दुकानं उघडतात, बाकी पेट्रोल पंप आणि मोठं स्टेशन. रविवारच्या विश्रांतीला त्यांच्या राज्यघटनेतच संरक्षण आहे. पहिल्या रविवारी आमच्या घरात कोथिंबीर नव्हती की दूध नव्हतं. नंतर शनिवारी दुपारीच पिशव्या घेऊन निघायची सवय लागली.

रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही. काचेच्या बाटल्यासुद्धा टाकायच्या नाहीत, कारण त्या पेटीत पडताना आवाज होतो. त्या पेट्याही तीन. पांढरी काच वेगळी, तपकिरी वेगळी, हिरवी वेगळी. प्लास्टिकची पाण्याची बाटली घेतली की २५ सेंट जास्त लागतात. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की तेवढ्याची चिठ्ठी हातात येते. रस्त्यावर बाटली दिसत नाही याचं ते कारण. त्या ठिकाणी पैसा कामाला लावलाय, आणि ते मला पटलं.

मेट्रोला फाटकच नाही. तिकीट काढा आणि बसा. मधूनच साध्या कपड्यातला तपासनीस येतो, तिकीट नसेल तर ६० युरो.

प्रज्ञा ४०२
आणि माणसं? कोरडी असतात म्हणतात.

कुंदाकाकू ४०१
मलाही तसंच वाटलं होतं. एक गोष्ट सांगते. एका रात्री दहा वाजून गेले होते. जावयांना ठेचा खायची इच्छा झाली. मी इथून लोखंडी खलबत्ता नेलेला. जमिनीवर मांडून मिरच्या, लसूण, शेंगदाणे कुटायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या त्याच आजी दारात. राग नाही, आवाज चढवला नाही. सरळ म्हणाल्या, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता असते, माझ्या डोक्यावर ठोकल्यासारखं झालं, दिवसा कुटा. लेकीने भाषांतर केलं. मला आधी फार लागलं ते. आपल्याकडे कोणी असं तोंडावर बोलत नाही. आपण चार जणांकडे बोलतो आणि ज्याचं त्याला शेवटी कळतं. पण दुपारी त्याच आजी जिन्यात भेटल्या तेव्हा तोंडभर "ग्र्यूस गॉट" म्हणाल्या. तो त्यांचा राम राम. मनात काही शिल्लक ठेवलंच नव्हतं त्यांनी. मग मी दिवसा कुटलेला ठेचा आणि थोडं भरीत त्यांना नेऊन दिलं. ठेच्याला त्यांनी हात लावला नाही, भरीत मात्र संपवलं. वाटी घासून, त्यात घरचा चेरीचा मुरंबा घालून परत पाठवली. रिकामी वाटी परत द्यायची नाही हे त्यांना कोणी शिकवलं असेल?

नाना १०१
🙏

कुंदाकाकू ४०१
दवाखान्यात गेलं तरी आत येणारा माणूस आधी बसलेल्या सगळ्या अनोळखी लोकांना नमस्कार करतो, मग खुर्ची घेतो. ते मला फार आवडलं. बेलवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. टपालपेटीवर नाव नसेल तर पत्रच येत नाही.

जे आवडलं नाही तेही सांगते. तीन महिन्यांत कोणी सहज म्हणून दार वाजवलं नाही. विरजण मागायला नाही, वाटीभर साखर मागायला नाही. यायचं तर आधी ठरवायचं, दिवस-वेळ. मी आल्या आल्या ४०२ मधून गरम कळण्याची भाकरी आली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ते तिथे मिळालं नसतं.

वैशाली ३०२, १०:४८
काकू, पाटीचं ऐकायला छान वाटतं. पण खरं सांगू? आपल्याकडे पाटी दाराला लागली की काम घरातल्या बाईच्याच अंगावर येणार. मी साडेनऊला ऑफिसला निघते, त्याआधी दोन डबे. त्यात जिना नको.

कुंदाकाकू ४०१
वैशाली, तुझा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. तिथे आमच्या समोरच्या दारात शनिवारी संध्याकाळी त्या घरचा माणूस झाडायचा, रेडिओ लावून. जावईही करतात. मी गेले म्हणून ते काम माझ्याकडे आलं, मी मागून घेतलं. पाटी घराला लागते, बाईला नाही. हे आधी ठरणार नसेल तर मी माझा प्रस्ताव मागे घेते.

किरण २०१
२०१ च्या नंबरला मी झाडेन. लिहून घ्या.

योगेशभाऊ
१०२ मी.

नाना १०१
मी अमळनेरचा. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात असताना मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, हे आमच्या वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलंय. एवढा मोठा माणूस, पण झाडूला कमी लेखलं नाही. माझे गुडघे गेलेत, वाकता येत नाही. कठडा मी पुसेन, दर रविवारी, पूर्ण चार मजले, सावकाश. पण एक अट. मावशींचा पगार दीड महिना चालू राहिला पाहिजे. बाळंतपणाचा खर्च आहे त्यांच्या घरी. आपण झाडलं म्हणून त्यांचे पैसे वाचवायचे नाहीत.

योगेशभाऊ
नाना, मान्य. मेंटेनन्समधून तसाच जाईल. कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

वैशाली ३०२
हरकत नाही. आमच्याकडे हे करतील, विचारलं मी आत्ता. हो म्हणालेत.

प्रज्ञा ४०२
आमच्याकडे ज्याची शनिवारी सुट्टी तो. पाटीसाठी पुठ्ठा आणि सुतळी आहे माझ्याकडे. काय लिहू? त्यांचा शब्द नको, आपला काहीतरी लिहा.

नाना १०१
"आंगण" लिखा.

प्रज्ञा ४०२, ११:३०
📷
लिहिलं. मुलीने खाली केळीचं पान काढलंय. पहिला नंबर काकूंचा, म्हणून ४०१ च्या कडीला अडकवली.

योगेशभाऊ
उद्या नळ येणार आहेत. मोटर साडेसहाला लावतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणासाठी दोन बादल्या जास्त ठेवतो, दुधाचा डाग सुकलाय तिथे.

कुंदाकाकू ४०१
मी पावणेसातला वरून सुरू करते. आज रात्री सगळ्यांनी आपापली पायपुसणी आत घ्या.