बायबल वाचायची सवय तुमच्या अंगवळणी कशी पडली? (अनुभव धागा)

वर्षाच्या सुरुवातीला बरेच जण ठरवतात की यंदा संपूर्ण बायबल वाचायचंच, उत्पत्ती हे पहिलं पुस्तक भराभर होतं, दुसरं निर्गमही समुद्र दुभंगेपर्यंत छान जातं, मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात आणि लेवीय या नियमांच्या पुस्तकापाशी गाडी अडते. म्हणून ज्यांचं वाचन वर्षानुवर्षं टिकलंय त्यांना विचारावंसं वाटलं. रोज वाचायला हवं हे सगळ्यांना माहितीये, तुम्ही नेमकं काय करता ते सांगा. कधी वाचता, काय वाचता, खंड पडला की परत कसे येता.

माझ्यापासून सुरुवात करते. मी ठराविक वेळ पाळत नाही, क्रम पाळते. उठायचं, तोंड धुवायचं, वाचायचं, मग फोन. बायबल रात्रीच टेबलावर उघडून ठेवलेलं असतं, त्यामुळे सकाळी कुठून वाचायचं हा विचारच करावा लागत नाही. सगळे मिळून ११८९ अध्याय आहेत, रोज तीन-चार केले की वर्षात होतात, पण मला एकच पुरतो. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि यात देवाबद्दल काय कळलं ते एका वाक्यात वहीत लिहायचं. वाक्य सुचलं नाही तर तोच अध्याय परत.

*

माझी ड्युटी सतत बदलती, पहाटे उठून वाचा हा सल्ला मला लागूच पडत नाही. म्हणून मी वाचन ड्युटी संपण्याला जोडलं, युनिफॉर्म बदलला की एक स्तोत्र. १५० आहेत, लहानमोठी, ११७ वं तर दोनच वचनांचं. ११९ वं मात्र १७६ वचनांचं, ते मी आठ-आठ करून घेते, मुळात रचलंयच तसं, हिब्रूची २२ अक्षरं आणि प्रत्येक अक्षराला आठ वचनं. फार थकलेली असले तर तेवढी आठच, पण मोठ्याने. मोठ्याने वाचलं की मन भरकटत नाही, हे करून बघाच.

*

आमच्याकडे नीतिसूत्रे. ३१ अध्याय, तारीख बघायची आणि तो अध्याय उघडायचा. कालचा राहिला तर राहू दे, आजची तारीख बघ, असं मुलांनाही सांगतो. मुलं मोठी झाली तरी चालूच आहे.

*

लेवीयपाशी गाडी अडते असं वर लिहिलंय त्यावर मला बोलायचंय, कारण माझी गोडी तिथूनच वाढली. लेवीय १९ मध्ये देव सांगतो की पीक कापताना शेताचे कोपरे सोडा, खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. नियम म्हणून वाचला की आपण पुढे जातो. मग रूथ या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. परदेशातून आलेली विधवा, सासूला घेऊन राहतेय, घरात धान्य नाही, आणि ती कापणी करणाऱ्यांच्या मागे मागे सरवा वेचत चाललीये. त्या एका नियमावर दोघी जगतायत! आणि त्याच रूथच्या वंशात दावीद राजा. तेव्हापासून मी कुठलाही नियम वाचला की विचारतो, यामुळे कोणाच्या ताटात काय पडलं असेल. गणना या पुस्तकाचंही तसंच, जनगणनेच्या याद्या ओलांडून २७ व्या अध्यायापर्यंत जा, तिथे सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात आणि देव म्हणतो त्यांचं बरोबर आहे. याद्यांना कंटाळून जे थांबतात त्यांना या मुली भेटतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. एक सुचवतो, लेवीय १६, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा अध्याय, वाचाल तेव्हा त्याच बैठकीत इब्री लोकांस पत्राचा ९ वा अध्याय वाचा.

*

आई गेली तेव्हा मला आनंदाची, स्तुतीची वचनं वाचवत नव्हती. कोणीतरी स्तोत्र ८८ वाच म्हणालं. त्यात शेवटीसुद्धा दिलासा नाही, अंधारातच संपतं ते. पण तो माणूस बोलतोय देवाशीच, रात्रंदिवस. मी बरेच दिवस तेवढंच वाचत होते, पुढे विलापगीत हे शोकाचं पुस्तक. दुःखात असाल तर प्लॅन बाजूला ठेवा, तुमच्या मनासारखं बोलणारं एक स्तोत्र शोधा आणि तिथेच राहा. माझं वाचन त्या काळात तुटलं नाही ते यामुळेच.

*

सवयीबद्दल एक. २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं. तेव्हा महिनाभरात जमलं नाही म्हणून सोडू नका. डोळ्यांचा त्रास असेल तर ऐका, मार्कचं अख्खं शुभवर्तमान साधारण दीड तासात ऐकून होतं.

*

आम्ही चौघी मैत्रिणी मिळून मॅकशेनचा प्लॅन वाचतो. रॉबर्ट मरे मॅकशेन हे स्कॉटलंडमधले पाळक, त्यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी तो केला, रोज चार ठिकाणचे चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. आम्ही निम्म्या वेगाने, दोन वर्षांत करतो. वाचून झालं की ग्रुपवर एक वचन टाकायचं, बस. जिचं दोन-तीन दिवस आलं नाही तिला फोन करायचा, पण वाचलंस का असं विचारायचं नाही, कशी आहेस विचारायचं आणि आजचा अध्याय फोनवरच तिला वाचून दाखवायचा. नवीन कोणी असेल तर एवढ्या मोठ्या प्लॅनमध्ये उडी नका घेऊ, मार्क घ्या, १६ अध्याय आहेत, आणि सोबत वाचायला कोणीतरी एक शोधा. कोणी नसेल तर इथे लिहा, आमच्यातली एक जण तुमच्यासोबत मार्क पहिल्यापासून वाचेल.