हेड गॅस्केट बदलताना ब्लॉकचा पृष्ठभाग कसा तयार करावा?

प्रश्न (वर्धा रोड, नागपूर)

नमस्कार. माझ्या जुन्या डिझेल जीपच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. ऐन उन्हाळ्यात बुटीबोरीहून परतताना रेडिएटरचा होज फाटला, इंजिन तापले आणि हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक व हेड यांच्यामधले सील, गेले. हेड फेसिंगला, म्हणजे यंत्रावर सपाट करायला, दिले आहे. ब्लॉक मात्र गाडीतच असून त्यावर जुन्या गॅस्केटचा थर जागोजागी चिकटलेला आहे. आमचे मेकॅनिक भाऊ अनुभवी आहेत. ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून ब्लॉक चकचकीत करावा आणि नव्या गॅस्केटला दोन्ही बाजूंनी शेलॅक (चिकट सीलिंगचे द्रव्य) लावावे, असे त्यांचे म्हणणे आहे. नवे गॅस्केट पोलादी पत्र्यांच्या थरांचे, म्हणजे एमएलएस प्रकारचे आहे. ही पद्धत योग्य आहे का, आणि ब्लॉक किती स्वच्छ झाला म्हणजे पुरे समजावे?

उत्तर (मशीन शॉप, हिंगणा एमआयडीसी)

ग्राइंडरची चकती ब्लॉकला लावू देऊ नका, हे सर्वांत आधी सांगतो. ग्राइंडर हातात धरून फिरवला जातो, त्यामुळे चकती सगळीकडे सारखी घासत नाही; सिलिंडर आणि पाण्याची छिद्रे यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यांवर ती अधिक खाते आणि तिथे डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. त्याहून मोठा धोका चकतीतून सुटणाऱ्या कणांचा आहे. ते ऑइलच्या वाटेने खाली उतरतात आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये रुततात. जनरल मोटर्सने याच कारणासाठी अशा चकत्यांविरुद्ध आपल्या मेकॅनिकांना तांत्रिक सूचना दिली होती.

सिलिंडरमध्ये स्वच्छ कापड दाबून बसवा, ऑइलची व पाण्याची छिद्रे चिकटपट्टीने बंद करा आणि गॅस्केट काढण्याचे रसायन लावून थर मऊ होऊ द्या. नंतर रुंद, सरळ धारेची पट्टी जवळजवळ आडवी धरून थर खरवडा. बिडावर पोलादी पट्टी चालते. ॲल्युमिनियमवर ती कधीही वापरू नये. राखाडी डाग उरले तरी चिंता नको. नख फिरवल्यावर ते कुठे अडत नसेल, तर तो केवळ रंग आहे. नख अडले आणि ती जागा पाण्याचे छिद्र व सिलिंडर यांच्यामध्ये असेल, तर मात्र तिथे गंजाने खड्डा पाडला आहे का, ते नीट पाहा.

शेवटी ॲसिटोनने पुसा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते क्षणात उडून जाते आणि सुटलेला मळ पुन्हा तिथेच वाळतो, म्हणून थोडाथोडा भाग घेऊन, दर वेळी कापडाची नवी घडी वापरून, पांढरे कापड पांढरेच राहीपर्यंत पुसावे. त्यानंतर पृष्ठभागाला हात लावू नये.

बोल्टच्या छिद्रांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बंद तळाच्या छिद्रात ऑइल किंवा पाणी राहिले, तर बोल्ट आवळताना त्या द्रवाला जायला जागा नसते. टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) खोटे माप दाखवते आणि प्रसंगी ब्लॉकला तडा जातो. आटे साफ करताना नवे आटे पाडणारा टॅप वापरू नका, कारण तो धातू कापतो. चेसर, म्हणजे धातू न कापता फक्त आटे साफ करणारे हत्यार, फिरवा आणि डोळ्यांवर चष्मा घालून हवेने छिद्रे कोरडी करा.

उत्तर (सुटे भाग विक्रेता, नागपूर)

शेलॅकबद्दल लिहितो. एमएलएस गॅस्केटच्या पत्र्यावर कारखान्यातच पातळ लेप दिलेला असतो आणि सिलिंडरभोवतीची उठावदार कड स्प्रिंगसारखी दाबली जाऊन सील करते. गॅस्केटच्या कंपनीने सांगितले नसेल, तर त्यावर काहीही लावू नये. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे इंजिन तापताना व थंड होताना हेड ब्लॉकवर किंचित सरकत असते. खडबडीत पृष्ठभाग त्या हालचालीत लेप खरवडून टाकतो. म्हणूनच एमएलएससाठी खडबडीतपणा साधारण ०.८ मायक्रॉनच्या आत असावा असे सांगितले जाते. जुन्या प्रकारच्या कॉम्पोझिट (मिश्र साहित्याच्या, मऊ) गॅस्केटला याहून खडबडीत पृष्ठभाग चालत असे, आणि चकतीची सवय त्याच काळातली असावी.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मेकॅनिक भाऊंनाही हे वाचून दाखवले आणि त्यांना ते पटले. साफ केल्यावर ब्लॉकवर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवून तिच्याखालची फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांनी, मोजली. लांबीने ०.०३ मिलिमीटरची पातीही जात नाही, पण एका कर्णावर मधल्या सिलिंडरांजवळ ०.१२ ची पाती सहज जाते. आता काय करावे?

उत्तर (मशीन शॉप, हिंगणा एमआयडीसी)

स्ट्रेट एजखाली थराचा कण किंवा डॉवेल (हेड जागेवर बसवणारी खुंटी) आलेला नाही ना, हे पाहून पुन्हा मोजा. अनेक इंजिनांत मर्यादा ०.०५ च्या आसपास असते. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम माना. तरीही ०.१२ आले, तर इंजिन उतरवून ब्लॉकचे फेसिंग यंत्रावरच करून घ्या. कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन ते अंतर भरून निघणार नाही. डिझेल इंजिन असल्यामुळे एक गोष्ट फेसिंगवाल्याला आधीच सांगा: ब्लॉकचा पृष्ठभाग जेवढा घासला जाईल तेवढा पिस्टन वर येतो. म्हणून जोडणीनंतर प्रत्येक पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, ते डायल गेजने (काट्याच्या सूक्ष्म मापकाने) मोजा आणि त्यानुसारच गॅस्केटची जाडी निवडा. अनेक डिझेल गॅस्केटच्या कडेला जाडी दाखवणारी छिद्रे किंवा खाचा असतात. सध्या आणलेले गॅस्केट तोपर्यंत वेष्टनातून काढू नका, म्हणजे गरज पडल्यास बदलून मिळेल.