मदत हवी आहे : ऊसतोडीहून परतलेल्या मुलांचा शाळाप्रवेश

नमस्कार. जालन्यात औद्योगिक वसाहतीलगतच्या एका वस्तीत आम्ही काही जण समाजमंदिरात रोज सायंकाळी मुलांची अभ्यासिका चालवतो. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुले हंगाम संपल्यावर परततात, तेव्हा त्यांचे वाचन मागे पडलेले असते, आणि धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली तर शाळेकडे फिरकतही नाहीत, याचे फार वाईट वाटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा आणि दाखल्याअभावी तो अडवता येत नाही. तरीही एका शाळेने दोघी बहिणींना दाखल्यासाठी परत पाठवले. अशा वेळी लेखी अर्ज कोणाकडे, कसा करावा? अभ्यासिकेजवळच लहान भावंडांसाठी पाळणाघर कोणी चालवले असल्यास तेही कृपया सविस्तर सांगावे.