मदत हवी आहे : वाई परिसरात माफक शुल्क घेणारे पशुवैद्य

आमच्या गावठी कुत्रीला नुकताच गोचीडताप येऊन गेला असून हिरड्या अजून पांढुरक्या दिसतात, त्यामुळे तिची रक्ततपासणी अधूनमधून करावी लागणार आहे. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हा भरवशाचा पर्याय आहे. परंतु दर वेळी भाड्याची गाडी करून खंबाटकी घाट ओलांडणे खिशाला परवडत नाही आणि वाटेत ओकाऱ्या काढणाऱ्या तिलाही सोसवत नाही. गावाकडच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, हे समजण्यासारखे आहे. तरी वाई, पाचवड किंवा भुईंज येथे कुत्र्या-मांजरांना मायेने हाताळणारे, तपासणीपूर्वीच खर्चाची स्पष्ट कल्पना देणारे आणि शक्यतो घरी येणारे पशुवैद्य कोणाच्या माहितीत असल्यास, त्यांच्या दवाखान्याची वेळ व अंदाजे शुल्क कृपया कळवावे. मांजरीची नसबंदीही त्यांच्याकडे होत असल्यास उत्तमच.