तेल उतरलं, सोयाबीनचं काय? (सोसायटी ग्रुप, शनिवार, ३१ मे २०२५)

ए-१०४: कच्चं पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क उतरवलं. मूळ शुल्क २० होतं, १० टक्के केलं. सेस धरून २७.५ चं १६.५. डबा उतरणार आता!

सी-३०१: बरं झालं. गेल्या वर्षी ऐन गणपतीत शुल्क वाढवलं, तेव्हापासून तेलानं नको जीव केलाय.

बी-२०३: काका, मला आनंद होत नाही. बुधवारी केंद्रानं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ वरून ५,३२८ केला आणि शुक्रवारी हे शुल्क उतरवलं. बाहेरचं तेल स्वस्तात मिळालं तर गिरणीवाला आपल्या सोयाबीनला जादा दर कशाला देईल?
माझा भाऊ हातकणंगल्याकडे शेती करतो. दिवाळीआधी पोती घेऊन गेला. व्यापाऱ्यानं चार दाणे तळहातावर घेतले, एक दातानं फोडला, "ओल हाय" म्हणाला आणि ३,९०० लावले. सरकारी खरेदीची वाट बघत थांबायला भावाकडं पैसा नव्हता.

ए-१०४: मग चूक व्यापाऱ्याची. शहरातल्यांनी महाग का खायचं?

बी-२०३: काका, १९८६ ला तेलबिया मिशन आलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपण तेलात जवळजवळ स्वावलंबी झालो होतो. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली होत गेली. आज निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. जागतिक व्यापार संघटनेत सोयातेलाला ४५ टक्के आणि पामतेलाला ३०० टक्क्यांपर्यंत शुल्काची मुभा आहे. म्हणजे हात कुणी बांधलेले नाहीत, हे आपणच ठरवलंय. १९९६ ला रोममध्ये व्हिया कॅम्पेसिना या शेतकरी चळवळीनं अन्न सार्वभौमत्वाची मागणी मांडली ती याचसाठी. नुसतं पोट भरून भागत नाही, काय पिकवायचं आणि काय खायचं हे ज्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे.

सी-३०१: ताई, पटतंय. पण आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी अर्ध्या लिटरची पिशवी नेतात. दहा रुपये वाढले की फोडणीत तेल कमी पडतं. त्यांनी काय करायचं?

बी-२०३: वहिनी, हे मलाही टोचतं. माझं म्हणणं एवढंच, बाजारातला दर हमीभावाखाली गेला की शुल्क वाढावं आणि त्या पैशातून रेशनवर तेल द्यावं. खासदारांना पत्र लिहितेय.

डी-४०२: उसाचं बघा की. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशामुळं कारखान्यांना एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यावीच लागते, तीही १४ दिवसांत. उशीर होतो, भांडावं लागतं, पण भांडायला कायदा तरी आहे. सोयाबीनच्या हमीभावाला तसलं काहीच नाही. मग आमच्या भागात जो तो उसाकडं वळणार नाही तर काय!

ए-१०४: हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पत्रात हे आधी घाल. उद्या मीटिंगला आण, सही करतो.

सी-३०१: रेशनचं तेल विसरू नका ताई. मीपण करते सही.

बी-२०३: आणते. भावाचा सकाळी फोन होता. मे महिन्यातच एवढा पाऊस झाला, रानाला वाफसा नाही, कुळव घालता येत नाही. विचारत होता, सोयाबीनचं बी आणू का सरळ ऊसच लावू.