बटरफील्डची डाकगाडी: पुढाऱ्यांचा वळसा की शहाणपणाची वाट?

वाटसरू: एका गटावर कुणीतरी ठोकून दिलंय की अमेरिकेत कॅलिफोर्नियाला टपाल खरं पोहोचवलं ते पोनी एक्सप्रेसच्या घोडेस्वारांनी, आणि त्याआधीचा बटरफील्ड कंपनीच्या डाकगाड्यांचा रस्ता म्हणजे दक्षिणेकडच्या पुढाऱ्यांनी सरकारी पैशाने घातलेला वळसा. वाचून डोकं फिरलं. पोनी एक्सप्रेस एप्रिल १८६० मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर १८६१ मध्ये तार जोडली जाताच संपली. दीड वर्ष! सुरुवातीला अर्ध्या औंसाला ५ डॉलर. खाणीत राबणाऱ्याला ते परवडणार होतं? बटरफील्डकडे तेच पत्र १० सेंटांत जायचं. सप्टेंबर १८५८ पासून आठवड्यातून दोनदा, दोन्ही बाजूंनी, २५ दिवसांची मुदत, सेंट लुईस ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे २,८०० मैल. पहिल्या खेपेला ऑर्म्सबी नावाचा न्यूयॉर्कचा बातमीदार शेवटपर्यंत बसून गेला. २४ दिवसही लागले नाहीत. त्याआधी पनामावरून बोटीने महिन्यातून दोनदा टपाल यायचं.

घाटमाथा: राग समजतो, पण वळसा होताच. टपाल खात्याचे प्रमुख, पोस्टमास्टर जनरल ॲरन ब्राउन, दक्षिणेकडच्या टेनेसी राज्याचे. त्यांच्या मेम्फिसहून एक फाटा काढून तो फोर्ट स्मिथला जोडला आणि तिथून एल पासो, ट्युसॉन, युमा असा सगळा दक्षिणेचा फेरा. निविदा भरणाऱ्यांपैकी एकानेही हा मार्ग मागितला नव्हता. वर्षाला ६ लाख डॉलर! आमच्या तालुक्याचा रस्ता असाच एका पुढाऱ्याच्या जमिनीकडून नेला, एसटीला आजही अर्धा तास जास्त लागतो. तेव्हा हे प्रकार मला शिकवू नका.

वाटसरू: तुमच्या एसटीचा इथे काय संबंध? बर्फाचं बोला, दक्षिणेचा रस्ता तेच टाळतो. चोरपेनिंग नावाचा कंत्राटदार १८५१ पासून मधल्या मार्गाने, सॅक्रामेंटो ते सॉल्ट लेक, टपाल नेत होता. हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या डोंगरांनी त्याचे हाल केले.

घाटमाथा: पोनीचे स्वार त्याच डोंगरांतून हिवाळ्यातही गेले.

वाटसरू: एकटा स्वार जातो हो. प्रवासी आणि थैल्यांनी भरलेली गाडी जाऊन दाखवा.

सॉर्टरची मुलगी: माझे वडील आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत होते, रात्रभर चालत्या डब्यात उभं राहून पत्रं लावायचे. ते म्हणायचे, लोकांना टपाल किती वेगात आलं याचं काही नसतं, ठरल्या दिवशी आलं पाहिजे. म्हणून माझं मत बटरफील्डला.

मुक्काम ट्युसॉन: रस्ता कुणाच्या जमिनीतून गेला, हे कुणीच बोलत नाही! मी इथे राहते. अपाचे पास या खिंडीत पायवाटेने गेलं की डाकठाण्याचा दगडी पाया अजून दिसतो. जवळच झरा आहे. त्या कोरड्या मुलखात ठाणं तिथे का, ते झरा पाहिल्यावर कळतं. पाणी तिथल्या मूळ रहिवाशांचं, अपाचेंचं होतं. त्यांचा म्होरक्या कोचिस याने अडीच वर्षं गाड्या जाऊ दिल्या. फेब्रुवारी १८६१ मध्ये अमेरिकी सैन्याच्या लेफ्टनंट बॅस्कमने त्याला बोलणीसाठी तंबूत बोलावलं आणि दुसऱ्याच टोळीने पळवलेल्या मुलासाठी अडकवायला पाहिलं. कोचिस तंबू फाडून निसटला. पुढे लढाई १८७२ पर्यंत.

घाटमाथा: अर्धंच सांगताय. कोचिसने ओलीस मारले, त्यात ठाण्यावरचा वॉलेसही होता. त्याने काय पाप केलं होतं?

मुक्काम ट्युसॉन: काहीच नाही, आणि ते मी नाकारत नाहीये. पण कोचिसच्या भावाला आणि पुतण्यांना सैन्याने फासावर दिलं, तेही सांगा की! आधी दगा कुणी केला? त्या पाण्याकाठी उभे राहा, मग मला अर्धं-पूर्ण शिकवा.

घाटमाथा: आवाज चढवून इतिहास बदलत नाही.

सॉर्टरची मुलगी: दोघंही जरा दमानं घ्या. चॉक्टॉ या मूळ रहिवाशांच्या मुलखातली कितीतरी ठाणी चॉक्टॉ लोकांनीच चालवली. तिथे गाडी आणि मुलूखवाले यांचं जमलं ना?

मुक्काम ट्युसॉन: जमलं. पण त्यांना आधीच त्यांच्या गावांतून हाकलून तिथे आणलं होतं. तो दाखला इथे देऊ नका, मला त्रास होतो.

वाटसरू: बॅस्कमचा दोष बटरफील्डच्या गाडीवर घालू नका. मेम्फिसचा फाटा राजकारणाचा होता, एवढं घाटमाथांना देतो. त्यापुढे एक इंचही नाही. मार्च १८६१ मध्ये अमेरिकेतल्या यादवीच्या सावटामुळे हा मार्ग सोडावा लागला, नाहीतर तो टिकला असता.

घाटमाथा: आणि मग गाड्या कुठून गेल्या? मधल्या मार्गाने, जुलै १८६१ पासून, रोज! जिथे गाडी जाऊच शकत नाही म्हणत होतात, तिथूनच.

वाटसरू: त्याच कंपनीने नेल्या, दक्षिणेतून हलवलेली जनावरं आणि सामान घेऊन. अडीच वर्षं वाळवंटात ठाणी चालवलेली माणसं होती म्हणून ते जमलं.